डिप्रेशनसाठी ईसीटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर आणि आसपासच्या, म्हणजे देवास, उज्जैन, धारकडच्या मराठी घरांसाठी. ईसीटी म्हणजे भूल देऊन, डोक्याला काही सेकंद करंट देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणण्याचा उपचार. डॉक्टरांनी ‘ईसीटी लावावी लागेल’ म्हटलं की घरात पहिला शब्द उमटतो ‘शॉक’, आणि त्यापुढे कुणी काही ऐकून घेत नाही. ती पुढची माहिती इथे आहे.

ईसीटीने डिप्रेशन खरंच बरं होतं का?

तीव्र डिप्रेशनवर आज जे उपचार आहेत त्यांत सगळ्यात जोरकस हाच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२००४) २५३ रुग्णांना आठवड्यातून तीनदा ईसीटी दिली. तीन सेशनच्या आतच निम्म्याहून जास्त जणांची लक्षणं अर्ध्यावर आली, आणि कोर्स संपेपर्यंत ७५ टक्के लोकांना पूर्ण उतार पडला. गोळ्यांचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, हे लक्षात घेतलं की या वेगाचं महत्त्व कळतं.

पण या ७५ वर हुरळून जाऊ नका. आपल्याकडे ईसीटीपर्यंत पोचणारा माणूस बहुतेकदा दोन-तीन औषधं करून थकलेला असतो. बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी केली तेव्हा औषधं आधीच फसलेल्यांत पूर्ण उतार सुमारे ४८ टक्क्यांना आणि न फसलेल्यांत सुमारे ६५ टक्क्यांना आढळला. ४८ कमी वाटतात? दोन औषधं फसल्यानंतर तिसरं किंवा चौथं औषध सुरू केलं तर उतार पडण्याची शक्यता साधारण १३-१४ टक्के असते. तुलना या आकड्याशी करायची.

कोणत्या डिप्रेशनमध्ये जास्त उपयोग होतो?

जे डिप्रेशन अंगात उतरलेलं दिसतं त्यात. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेत, विचारलेल्याचं उत्तर मिनिटभराने येतं, पाण्याचा पेला तोंडाशी धरला तरी गिळत नाहीत. किंवा आजी ठासून सांगते की माझी आतडी सडली आहेत, पोलीस न्यायला येणार आहेत, घर लिलावात गेलं आहे, आणि बँकेचं पासबुक समोर धरलं तरी तिला पटत नाही. अशा भ्रमांसह आलेल्या डिप्रेशनला डॉक्टर सायकोटिक डिप्रेशन म्हणतात. कोर्स पूर्ण करणाऱ्यांपैकी अशा रुग्णांत उताराचं प्रमाण एका अभ्यासात ९५ टक्के होतं आणि भ्रम नसलेल्यांत ८३. शरीर ताठून बोलणं-खाणं थांबलेला कॅटाटोनियाही ईसीटीला झपाट्याने उतरतो.

आत्महत्येचा धोका डोक्यावर असेल, खाणंपिणं बंद असेल, तर ‘आधी चार औषधं करून बघू’ हा हिशेब चुकीचा. तिथे ईसीटी शेवटी नाही, आधी येते.

उलट सासर-माहेरचे ताण, नोकरी गेल्याची खंत, वर्षानुवर्षं रेंगाळलेली उदासी, सतत बदलणारा मूड आणि नात्यांतली उलथापालथ यांवर ईसीटी फारशी चालत नाही. आजारपण जितकं लांबलेलं, तितका गुणही उशिरा आणि कमी. वय मात्र आड येत नाही. साठी ओलांडलेल्यांना तरुणांपेक्षा जास्तच गुण येतो, हे घरच्यांना खरं वाटत नाही, पण आहे तसंच.

हा नुसता मनाचा परिणाम नाही कशावरून?

प्रश्न रास्त आहे. रुग्णाला भूल द्यायची, पण करंट द्यायचाच नाही, अशा नकली ईसीटीशी तुलना करून पाहिली आहे. खऱ्या ईसीटीचा गुण जास्त आला. मात्र हे अभ्यास सगळे १९८५ च्या आधीचे आणि लहान आहेत, आणि १९८० च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात नकली ईसीटीवालेही बरेच सुधारले होते. टीकाकार याच्यावरच बोट ठेवतात, आणि त्यांचं बोट चुकीच्या जागी नाही.

आम्हाला अधिक पटणारा पुरावा निराळा आहे. १९९३ मध्ये रुग्णांचे चार गट केले. भूल सगळ्यांना तीच आणि फिटही सगळ्यांना आली, फक्त करंटचं प्रमाण आणि इलेक्ट्रोडची (करंट देणाऱ्या पट्ट्यांची) जागा वेगळी. उजव्या बाजूने, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोड डोक्याच्या उजवीकडे ठेवून, कमी डोस दिलेल्यांत १७ टक्क्यांनाच गुण आला. उजव्या बाजूनेच पण जास्त डोस दिलेल्यांत ४३, आणि दोन्ही बाजूंनी दिलेल्यांत ६३ ते ६५ टक्के. नुसता मनाचा खेळ असता तर डोस आणि इलेक्ट्रोडची जागा बदलल्याने एवढा फरक पडला नसता.

तयारी काय करावी लागते?

रक्ताची तपासणी (हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम), ईसीजी, भूलतज्ज्ञांची तपासणी. लक्षणांवरून गरज वाटली तर मेंदूचा स्कॅन. हलणारा दात असेल तर तो आधीच दाखवा.

सेशनच्या आधी सहा तास काही खायचं नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. इंदूरमध्ये हा नियम सकाळी सातच्या पोह्यांपाशी मोडतो. ‘दोन घास पोहे आणि अर्धी जलेबीच तर खाल्ली’ असं बरोबरच्या माणसाने उशिरा कबूल केलं की सेशन रद्दच होतं. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. दूध घातलेला चहासुद्धा यात खाणंच धरतात. ब्लडप्रेशरची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर सकाळी घ्यायला सांगतात, शुगरची सहसा थांबवतात. आपल्या गोळीचं काय, ते भूलतज्ज्ञांना नाव सांगून विचारा.

दुसरी गोष्ट तेल. आदल्या रात्री केस शॅम्पूने धुवायचे आणि सकाळी तेल लावायचं नाही. लेकीला हॉस्पिटलात न्यायचं म्हणून आई मायेने डोक्यावर तेल थापते, आणि नेमकं कानशिलावरचं ते तेल इलेक्ट्रोड आणि त्वचेमध्ये बसतं. मशीनवर अडथळ्याचा आकडा वाढतो, आणि स्पिरिटने पुसण्यात दहा मिनिटं जातात. नेलपॉलिश नको, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. कवळी, चष्मा, कानातलं मशीन, मंगळसूत्र, बांगड्या बाहेर काढून बरोबरच्या माणसाकडे.

खोलीत नेमकं काय होतं?

आत जाण्यापासून शुद्धीवर येण्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. त्यात करंट असतो तो एक ते आठ सेकंद.

हाताला सुई लावतात. एका घोट्यावर ब्लडप्रेशरचा पट्टा बांधतात. त्याचं काम पुढे कळेल. भुलीला थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल देतात आणि अर्ध्या मिनिटात झोप लागते. मग तो घोट्याचा पट्टा फुगवून पावलाचा रक्तपुरवठा थांबवतात आणि त्यानंतर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन देतात, वजनाच्या किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. ते सगळ्या अंगात पसरतं, त्या एका पावलात पोचत नाही. अंगावरून बारीक थरथर चेहऱ्याकडून खाली सरकत जाते आणि पिंढरीत येऊन विरते. ती विरली की स्नायू सैल झाले. तोवर भूलतज्ज्ञ मास्कमधून ऑक्सिजन देत असतात. दातांमध्ये रबरी ठोकळा बसवतात, कारण जबड्याचे स्नायू करंटने थेट आवळले जातात, त्यांना औषध रोखत नाही.

मग करंट. त्यानंतर अंग शांत पडलेलं असतं, फक्त पट्टा बांधलेलं पाऊल आधी ताणून खाली वळतं आणि मग बोटं ठेक्यात हलू लागतात. ठेका हळू होत होत थांबतो. डॉक्टर घड्याळ लावून तीच बोटं बघतात. कागदावर मेंदूचा आलेख उतरत असतो. पावलाची फिट साधारण वीस सेकंद आणि आलेखावरची पंचवीस सेकंद चालली तर ठीक. आलेखाच्या उंच लाटा अचानक सपाट झाल्या तर ते चांगलं लक्षण. दोन मिनिटांहून लांबली तर शिरेतून औषध देऊन थांबवतात.

सिनेमात हातपाय बांधलेला, किंचाळणारा रुग्ण दाखवतात. भूल आणि सैल करणारं औषध न देता ईसीटी देणं भारतात कायद्याने बंद आहे.

किती सेशन लागतात?

सहा ते बारा. आपल्याकडे बहुधा सोम-बुध-शुक्र. इंग्लंडमध्ये आठवड्यातून दोनदा देतात. गुण शेवटी तेवढाच येतो, थोडा उशिरा, आणि स्मरणशक्तीवर भार कमी पडतो. आकडा आधी ठरवून ‘आठचं पॅकेज’ घेणं आम्हाला पटत नाही. दर आठवड्याला प्रश्नावली भरून गुण मोजावेत आणि लागोपाठ दोन सेशनमध्ये नवी सुधारणा दिसेनाशी झाली की थांबावं.

पहिला बदल घरच्यांना आधी दिसतो, रुग्णाला मागाहून. तो ताटातली पोळी संपवतो, आंघोळीला स्वतः उठतो, आणि तरीही म्हणतो की ‘काहीच फरक नाही’.

सहा सेशन झाली, फरक नाही. काय चुकलं असेल?

लगेच ‘ईसीटी फेल’ म्हणू नका. आधी ती नीट झाली का ते बघायचं असतं, आणि हे डॉक्टरांना विचारण्यात काही आगाऊपणा नाही.

सगळ्यात मोठा संशयित झोपेची गोळी. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधं फिट दाबण्याचंच काम करतात. रात्री घरून आणलेली गोळी डॉक्टरांना न सांगता दिली की सकाळी फिट आखूड येते. मायग्रेन किंवा मूडसाठी चालू असलेलं व्हॅल्प्रोएटही तसंच.

दुसरा संशयित डोस. प्रत्येकाच्या मेंदूला फिट यायला लागणारा करंट वेगळा. पुरुषांत आणि वय वाढेल तसा तो वाढतो. पहिल्या सेशनला थोडा थोडा वाढवत हा उंबरठा शोधतात. मग दोन्ही बाजूंच्या ईसीटीत त्याच्या दीड ते दोन पट आणि उजव्या बाजूच्या ईसीटीत सहा पटीपर्यंत द्यावा लागतो. ईसीटीचा कोर्स चालतो तसा उंबरठाही वर सरकतो. पहिल्या दिवशीचा डोस सातव्या दिवशी तोकडा पडतो. उजव्या बाजूने गुण येत नसेल तर दोन्ही बाजूंनी सुरू करणं ही ठरलेली पुढची पायरी आहे.

तिसरं भुलीचं. प्रोपोफॉल जास्त पडलं, किंवा ते दिल्यावर लगेच करंट दिला, तर मेंदू गाढ भुलीत असतो आणि फिट लवकर विझते. मिनिटभर थांबणं आणि मास्कने श्वास जरा जलद देणं, एवढ्यानेही फिट सुधारते. रुग्ण दोन दिवस जेवलेला-प्यालेला नसेल तर आधी सलाइन द्यावं लागतं.

हे सगळं ठीक असूनही फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायचं. थायरॉइड, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, दारू.

स्मरणशक्ती जाते का?

काही जाते, आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा डॉक्टर अर्धंच सांगतो आहे.

जाग आल्यावर अर्धा-पाऊण तास गोंधळ असतो. ‘आपण कुठे आहोत?’ हा प्रश्न चार वेळा येईल, चारही वेळा शांतपणे उत्तर द्या. कोर्स चालू असताना नवीन गोष्टी नीट ठसत नाहीत. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. ८४ अभ्यासांच्या २०१० मधल्या आढाव्यात कामगिरीची घसरण मुख्यतः पहिल्या तीन दिवसांपुरती दिसली आणि पंधरा दिवसांनंतर अनेक चाचण्यांत रुग्ण ईसीटीआधी मोजल्यापेक्षा बरे निघाले. डिप्रेशन स्वतःच लक्ष आणि स्मृती खातं, हे त्यामागचं एक कारण.

पण त्या चाचण्या शब्दांच्या याद्या पाठ करवतात. माणसाच्या स्वतःच्या आठवणी त्यांत नीट मोजल्या जात नाहीत. रुग्णांना थेट विचारणाऱ्या अभ्यासांत किमान एक तृतीयांश लोकांनी काही आठवणी कायमच्या गेल्याचं सांगितलं आहे. कोर्सच्या आधीचे काही आठवडे-महिने विरळ होतात. रंगपंचमीची गेर राजवाड्यावर पाहिली हे आठवतं, बरोबर कोण होतं ते आठवत नाही. नावगाव, शिक्षण, हातचं काम, स्वयंपाक हे जात नाही.

उजव्या बाजूने आणि करंटच्या आखूड स्पंदनांनी दिलेल्या ईसीटीत हा त्रास कमी. म्हणून घाई नसेल तर तिथून सुरुवात करतात, जीव धोक्यात असेल तर दोन्ही बाजूंनी.

घरी एक वही करा. एटीएमचा पिन कुणाला माहीत आहे, कुणाकडून पैसे यायचेत, एफडी कधी संपते, मोबाइलचा पासवर्ड, हे कोर्स सुरू होण्याआधी लिहून एका विश्वासाच्या माणसाकडे द्या. कोर्स संपून तीन-चार आठवडे होईपर्यंत घर-जमिनीच्या कागदांवर सही नको आणि स्कूटरही नको.

जिवाला धोका किती?

एक लाख सेशनमागे साधारण दोन मृत्यू, मोठ्या आढाव्यानुसार. भूल देऊन केलेल्या छोट्या ऑपरेशनइतका. धोका मेंदूपेक्षा हृदयाला, कारण करंटनंतर नाडी आधी मंदावते, मग ती आणि ब्लडप्रेशर दोन्ही चढतात. म्हणून नुकताच हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा डोक्यातला दाब वाढवणारी गाठ असेल तर फार जपून निर्णय घ्यावा लागतो. मेंदूच्या पेशी मरतात असा पुरावा एमआरआयच्या अभ्यासांत सापडलेला नाही.

नेहमीचा त्रास म्हणजे डोकेदुखी, मळमळ, आणि पहिल्या सेशननंतर पोलिसांनी झोडपल्यासारखं अंग दुखणं. ते त्या थरथरीमुळे. पॅरासिटामॉलने उतरतं, दुसऱ्या वेळेपासून कमी होतं. घरात कुणाला भुलीनंतर श्वास परत यायला फार वेळ लागला असेल तर ते जरूर सांगा. सक्सिनिलकोलीन शरीरात लवकर न विरघळण्याचा दोष वंशाने येतो.

गरोदरपणात देतात?

देतात. काही वेळा बऱ्याच औषधांपेक्षा तीच सोयीची ठरते. पाचव्या महिन्यानंतर बाईला डाव्या कुशीकडे कलतं ठेवतात आणि बाळाचे ठोके आधी-नंतर तपासतात. प्रसूतिरोगतज्ज्ञ सोबत हवेत.

सही कुणाची? जबरदस्तीने देता येते का?

सही रुग्णाची. नवऱ्याची नाही, मोठ्या भावाची नाही. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ तसं सांगतो. फॉर्म आपल्याकडे बहुधा हिंदीत असतो. आजींना हिंदी समजतं म्हणून तो भराभर वाचून दाखवू नका, मराठीत समजावून सांगा आणि ‘आता तुम्ही मला सांगा, काय करणार आहेत?’ असं विचारा.

रुग्ण इतका आजारी असेल की निर्णय घेऊच शकत नाही, तर त्याने नेमलेली किंवा कायद्याने ठरलेली प्रतिनिधी व्यक्ती तात्पुरती संमती देते, आणि रुग्णाची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासावी लागते. इमर्जन्सी उपचाराच्या कलमाखाली ईसीटी देता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीसह, या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी परवानगी लागते. दिलेली संमती कुठल्याही सेशनआधी मागे घेता येते.

केटामाइन किंवा मॅग्नेटिक थेरपी चालणार नाही का?

केटामाइन हे मुळात भुलीचं औषध, डिप्रेशनसाठी ते कमी डोसमध्ये देतात. भ्रम नसलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या डिप्रेशनमध्ये २०२३ च्या अमेरिकन अभ्यासात केटामाइनने ५५ टक्के आणि ईसीटीने ४१ टक्के लोकांना गुण आला. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमध्ये, हॉस्पिटलात दाखल असलेल्या जास्त आजारी रुग्णांत, उलटं झालं. पूर्ण उतार ईसीटीने ६३ टक्के, केटामाइनने ४६. आमचं मत असं, की चालत्याबोलत्या, बाहेरून येणाऱ्या रुग्णाला केटामाइनचा पर्याय जरूर विचारा. भ्रम असतील, अन्न सुटलं असेल तर त्यात वेळ दवडू नका. मॅग्नेटिक थेरपीला (डोक्याबाहेरून चुंबकाने मेंदू उद्दीपित करण्याला) भूल लागत नाही आणि स्मृतीलाही धक्का नाही, पण तीव्र आजारात तिचा जोर ईसीटीपेक्षा कमी.

इंदूरमध्ये कुठे विचारायचं, खर्च काय?

सरकारीत बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, ते एमजीएम मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. खासगीत विचारताना नुसता सेशनचा दर विचारू नका. भूलतज्ज्ञांची फी, औषधं, खोली, सुरुवातीच्या तपासण्या त्यात धरल्या आहेत का, ते विचारा. मशीनवर मेंदूचा आलेख निघतो का, हेही विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर दाखल होण्याआधीच काउंटरवर चौकशी करा. खासगी विम्याने ‘मानसिक आजार आहे’ एवढ्याच कारणावर नकार देणं २०१७ च्या कायद्यात बसत नाही.

बरं झाल्यावर औषधं बंद करायची ना?

इथेच सगळ्यात जास्त घात होतो. ईसीटी आजाराचा झटका मोडते, तो पुन्हा येऊ नये याची व्यवस्था करत नाही. २००१ च्या अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना पुढे २४ आठवडे नुसत्या नकली गोळ्या दिल्या तेव्हा ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं औषध एकटं घेणाऱ्यांत ६० टक्के, आणि त्याबरोबर मूड स्थिर ठेवणारं लिथियम घेणाऱ्यांत ३९. बहुतेक जण पहिल्या काही आठवड्यांतच घसरतात, घरात ‘आता छान आहे’ म्हणून पेढे वाटून होत नाहीत तोच.

म्हणून शेवटच्या सेशनआधीच पुढची औषधं ठरलेली हवीत. लिथियम असेल तर रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासायचं. आधी औषधं टिकली नव्हती अशांना ईसीटीच विरळ करत चालू ठेवतात: महिनाभर आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. त्या दिवशीही तेच सगळं, उपाशीपोटी आणि तेल न लावता.

घरी आल्यावर डॉक्टरांना कधी कळवायचं?

सेशनच्या दिवशी गोंधळ संध्याकाळपर्यंत उतरला नाही, पुन्हा फिट आली, छातीत दुखलं किंवा ताप आला तर लगेच. माणूस अचानक फार आनंदी झाला, रात्रभर जागून बाजारभाव, नवी दुकानं, मोठे बेत बोलू लागला तर त्याच दिवशी, कारण कधीकधी डिप्रेशन उलटून उन्माद सुरू होतो. झोप पहाटे तीनला मोडू लागली, जेवण पुन्हा कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचे पत्ते आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि डॉक्टर फोनवर मिळेपर्यंत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.